आजेसासूबाईंची गरसोळी आणि हिऱ्याच्या कुड्या: मोडायच्या की नागपूरच्या इतवारीत दुरुस्त करायच्या?

सावनेरची_सून

नमस्कार मंडळी. लेकीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. घरात आजेसासूबाईंचे दोन डाग, म्हणजे दागिने, आहेत. एक गरसोळी: काळ्या पोतीत ओवलेले सोन्याचे मणी आणि मधे डोरलं. मणी आतून पोकळ, लाख भरलेले. दोन मण्यांना चीर गेलीय, एकातून लाखेचा भुगा पडतो. दुसरा डाग म्हणजे कुड्या. सात-सात हिरे, मागून बंद. उजव्या कुडीतला मधला हिरा काळवंडलाय आणि कडेचा एक हलतो.

मागच्या आठवड्यात एका मोठ्या दुकानात दाखवायला नेलं. काउंटरवरच्या मुलानं गरसोळी मशीनमध्ये ठेवली, पडद्यावर सोन्याची शुद्धता ८४ टक्के आली. म्हणाला, लाखेचं वजन वजा होईल, कुड्यांतले हिरे आम्ही धरत नाही, मोडून टाका आणि नवीन हलकं काहीतरी घ्या. लेकीनं डबी उचलली आणि आम्ही उठून आलो.

तिला लग्नात हेच घालायचंय. पण दुरुस्तीचं काम कुठं करतात, काय बोलायचं, यातलं मला काही कळत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त खुपतेय. ८४ म्हणजे आजेसासूबाईंना त्या काळी फसवलं होतं का? त्यांनी कापूस विकून आलेल्या पैशांतून हे घडवून घेतलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

नंदनवनचा_नंदू

मोडू नका ताई! आमच्या घरी आईनं बोरमाळ मोडली, त्याची अजून हळहळ करून राहिली. एवढे दिवस सांभाळलं, आता काहून घाई करता?

ओळीतला_पोरगा

ताई, माझे वडील सोनार, इतवारीतल्या सराफा ओळीत चाळीस वर्षं बसले. मी नोकरी धरली, पण शाळेच्या सुट्ट्या सगळ्या त्यांच्या पाटाशेजारी गेल्या. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ८४ चं. फसवलंच असेल असं अजिबात नाही. पोकळ मणी कसा होतो ते पाहा. मुशीत सोनं टाकणखारासोबत वितळवायचं, ओतून लगड करायची, ती ऐरणीवर ठोकून पत्रा काढायचा. ठोकलं की सोनं कडक होतं, मग तापवून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. पत्र्यातून गोल टिकल्या कापायच्या. प्रत्येक टिकली खळग्यांच्या ठोकळ्यावर ठेवून तिची वाटी करायची. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून झाळल्या, म्हणजे ज्योतीवर जोडल्या, की एक मणी. आता झाळायचं म्हणजे डाख, म्हणजे सांधा जोडणारा मिश्रधातू, लागतो, आणि डाख मूळ सोन्याच्या आधी वितळायला हवा, नाहीतर मणीच वितळून जाईल. म्हणून डाखात तांबं-चांदी जास्त असते, तो कमी कसाचाच असतो. तुमच्या गरसोळीत चाळीस मणी असतील तर चाळीस गोल सांधे आले, शिवाय भोकांच्या कडा.

आता ते मशीन. ते क्ष-किरणांनी मोजतं आणि फक्त वरचा अगदी पातळ थर पाहतं. सांधा समोर आला तर आकडा खाली येतो, मण्याचं पोट समोर आलं तर वर जातो. एकाच जागी एकदा ठेवून निघालेला आकडा संपूर्ण डागाचा नसतो. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात कोणताही ग्राहक स्वतःचा दागिना नेऊ शकतो. चार नगांपर्यंत दोनशे रुपये फी असते. तिथं जाऊन दोन-तीन जागी मोजायला सांगा.

हॉलमार्कची योजनाच मुळी २००० साली सुरू झाली. त्याआधी कसोटीचा काळा दगड, तेजाबाचा थेंब आणि सोनाराचा शब्द एवढ्यावर व्यवहार चालायचा. माझे वडील कसोटीवरची रेघ पाहून बावीस आणि वीस कॅरेट वेगळं सांगायचे, आणि मी ते त्यांच्याकडून कधीच शिकू शकलो नाही.

हिशेबनीस

ताई, भावना समजतात, तरी पैशाची बाजूही मांडतो. ८४ टक्के खरं धरलं आणि लाख वगळून ३० ग्रॅम सोनं धरलं, तर शुद्ध सोनं २५.२ ग्रॅम. २२ कॅरेटमध्ये म्हणजे ९१६ मध्ये (हजारात ९१६ भाग सोनं) ते साधारण २७.५ ग्रॅम होतं. आता तेवढ्याच वजनाचा नवा डाग घेतला आणि घडणावळ १५ टक्के लागली, तर चार ग्रॅमहून जास्त सोन्याची किंमत नुसत्या घडणावळीत जाते. वर ३ टक्के जीएसटी. आणि आजेसासूबाईंच्या सोनाराला दिलेली घडणावळ मोडताना शून्य धरली जाते.

पण दुसरी बाजूही आहे. तुटका डाग वर्षानुवर्षं लॉकरमध्ये पडून राहणार असेल तर भाडं भरून काय मिळवता? लेक घालणार असेल तरच दुरुस्ती करा. घालणार नसेल तर मोडणं हाही प्रामाणिक निर्णय आहे, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

सावनेरची_सून

घालणार आहे. तिनंच तर डबी उचलली होती.

खडापारखी

कुड्यांबद्दल मी सांगते, मी रत्नपरीक्षा शिकले आहे. तीन गोष्टी आधी करू नका. गरम पाण्यात उकळू नका, साबणात भिजवू नका आणि दुकानातल्या अल्ट्रासॉनिक भांड्यात टाकू देऊ नका. मागून बंद असलेल्या कोंदणात खड्याखाली चमकदार पातळ पत्री घातलेली असते. प्रकाश वरून आत जातो, पत्रीवरून उलटतो आणि हिरा उजळ दिसतो. वर्षानुवर्षं घाम, तेल, पाणी आत झिरपलं की ही पत्री काळी पडते. तुमचा मधला हिरा काळवंडलेला नसून त्याच्याखालची पत्री काळी झाली असण्याची शक्यता फार मोठी आहे.

जुन्या हिऱ्यांचे पैलू हातानं पाडलेले असतात. आजच्या सुरतेतल्या यंत्रांसारखे ५७-५८ पैलू मोजून मिळत नाहीत, कित्येकदा तळ सपाटच असतो. त्यामुळे आजच्या तक्त्यात ते बसत नाहीत आणि दुकानदार हात वर करतो. दुकानदारानं धरला नाही म्हणून तो हिरा नाही असं होत नाही.

हिरा कठीण असतो म्हणून फुटत नाही हाही समज काढून टाका. तो ओरखडत नाही, पण त्याच्या आत चार दिशांना अशी प्रतलं असतात की नेमका तिथं धक्का बसला तर तो चिरतो. म्हणून हलणारा हिरा चिमट्यानं घट्ट करायचा प्रयत्न घरी मुळीच करू नका. आणि कारागिरानं जवळपास ज्योत वापरली तर हिऱ्यावर बोरिक ॲसिडचा लेप लावतोय ना, ते पाहा. हिरा म्हणजे कार्बन. उघड्या हवेत फार तापला तर त्याचा पृष्ठभाग धुरकट होतो.

त्रिमूर्तीनगरची_तनू

खडापारखी ताई, मग हिरा खरा आहे हे कसं कळणार? पेनासारखं यंत्र लावतात तेच ना?

खडापारखी

तनू, ते यंत्र खड्यातून उष्णता किती वेगानं जाते ते पाहतं. काच आणि झिरकॉन (हिऱ्यासारखा दिसणारा स्वस्त खडा) त्यात लगेच उघडे पडतात. मॉइसनाइट मात्र त्यातून हिरा म्हणून सुटू शकतो. आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर रासायनिकदृष्ट्या हिराच असतो, तो अशा यंत्रानं वेगळा निघतच नाही, त्याला प्रयोगशाळेतलीच तपासणी लागते. सावनेरच्या कुड्या त्या सगळ्याच्या आधीच्या दिसतात, त्यामुळे इथं तो प्रश्न येत नाही. मधल्या काळात एखादा खडा बदलला असेल एवढीच शंका घ्यायची.

कॅडवाला

मी दागिन्यांची डिझाईन संगणकावर करतो, म्हणून माझ्या पिढीच्या बाजूनं बोलतो. मेणाचा नमुना छापून, त्याभोवती साचा ओतून, मेण वितळवून त्या जागी सोनं ओतणं यात कमीपणा नाही. मेण वितळवून ओतकाम करायची रीत हजारो वर्षांची आहे, आम्ही फक्त मेण कोरायची पद्धत बदलली. हिऱ्याच्या बारीक कामात यंत्राइतकी सारखी घरं हातानं होणं अवघड आहे. १८ कॅरेटचं सोनं कडक असतं, त्यात खडा धरणारे पंजे पकड सोडत नाहीत, म्हणून हिऱ्याचं नवं काम बहुतेक १८ मध्येच होतं.

पण ताईंच्या बाबतीत मी ओळीतला_पोरगा यांच्याच बाजूनं आहे. ओतीव, पातळ, पोकळ डाग एकदा चिरला की त्याला झाळायला जाडीच उरत नाही. हातानं ठोकलेला पत्रा आतून दाट असतो, पन्नास वर्षांनीही ज्योत सोसतो. आमच्याकडे जुने डाग दुरुस्तीला येतात तेव्हा मी स्वतः ते भिंगाखाली पाहत बसतो. आतल्या बाजूला, जिथं कुणी पाहणार नाही, तिथंही कानस फिरवलेली असते.

महालची_माई

मुलांनो, एवढं सगळं वाचून राहवलं नाही. माझे वडील सोनार होते. मी शाळकरी होते तेव्हाची गोष्ट आहे. चीनचं युद्ध नुकतंच संपलं होतं. १९६३ च्या जानेवारीत सरकारनं सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले, मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटच्या वरच्या शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. लग्नाच्या हंगामात कुणी चौदा कॅरेटचं मंगळसूत्र घेईना. बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यावर बसलेला हात चौदाच्या कडक सोन्यावर चालेना, नथीची तार ओढताना तुटायची. वडिलांची बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, कित्येक दिवस पेटलीच नाही. आई ती रोज पुसून ठेवायची. देशभरात किती सोनारांनी धंदा सोडला, काहींनी जीवही दिला. वडिलांनी काही महिने एका गिरणीत हमाली केली, हे त्यांनी आम्हाला मोठेपणी सांगितलं.

पुढं नियम ढिले झाले, मग १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. तोवर वडील गेले होते. त्यांच्या पाच कारागिरांपैकी एकाच्याही मुलानं हे काम धरलं नाही. आज इतवारीत हातकाम करणारे इतके बंगाली कारागीर का, असं लोक विचारतात. आपली मुलं त्या पाटावरून उठली आणि त्यांची मुलं येऊन बसली. ते लोक चांगलं काम करतात, त्यांच्याबद्दल वाकडं बोललेलं मला आवडत नाही.

सावनेरच्या बाई, तुमची गरसोळी त्याच्या आधीची असेल तर नीट जपा.

ओळीतला_पोरगा

माई, बागेसरीचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे फुंकणी अजून आहे.

लोकांना एक गोष्ट माहीत नसते. झाळकाम चालू असताना पंखा लावता येत नाही. वाऱ्यानं ज्योत हलते आणि सोन्याचा कीस उडतो. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जातं, त्या दिवसांत वडील आणि त्यांचे सोबती बंद खोलीत पेटत्या ज्योतीसमोर बसायचे. उठताना कपडे झटकायचेही नाहीत, कारण त्यात कीस असायचा. दुकानातला केर जपून ठेवायचा. झारेकरी यायचे, तो केर विकत घ्यायचे आणि धुऊन धुऊन त्यातून सोनं काढायचे. कानशीच्या एका घावात पडणारं सोनंही वाया जाऊ द्यायचं नाही, या शिस्तीवर तो धंदा उभा होता. घडणावळीत घट का धरतात, हे ज्यांनी ती खोली पाहिली त्यांना विचारा.

बडकसचा_विनू

विषय थोडा बाजूला नेतो, पण महालातल्या माणसाला राहवत नाही. पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारनं विकत घेऊन परत आणली. तिच्या पात्यावर सोन्यानं देवनागरी अक्षरं भरलेली आहेत. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं तेव्हा वाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीवर लिलावात विकले आणि भोसल्यांचं जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवलं. ते कुणी घडवलं होतं, त्या हातांची नावं कुठंच नाहीत. म्हणून घराघरातला एखादा डाग टिकला तरी मला मोलाचा वाटतो.

सावनेरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. माईंचं वाचून सासूबाई रडल्या, त्यांच्या माहेरीही हेच झालं होतं म्हणे.

आता प्रत्यक्षातलं विचारते. डाग कारागिराकडे सोडून यायचा का? बदलला तर?

ओळीतला_पोरगा

सोडून यायची गरज पडत नाही. दोन मण्यांचं आणि एका कुडीचं काम समोर बसून करून घेता येतं, फार तर कुड्यांना दुसरा दिवस लागेल. आधी प्रत्येक बाजूनं फोटो काढा, मणी मोजा. पावतीवर मिलीग्रॅमपर्यंत वजन लिहून घ्या आणि हिऱ्यांची संख्या अक्षरी लिहायला सांगा. दुरुस्तीनंतर वजन वाढलेलं दिसेल, कारण नवी लाख भरली जाईल आणि थोडा डाख लागेल. ती वाढ सोन्याची नाही, हे पावतीवर वेगळं लिहून घ्या, म्हणजे उद्या तुमच्या लेकीला हिशेब कळेल.

डाख कुठला वापरणार ते विचारा. केडीएमचा म्हणजे कॅडमियमचा नको म्हणा. केडीएम हा शुद्धतेचा शिक्का आहे असं अजून कित्येकांना वाटतं, पण ती फक्त झाळायची एक रीत होती. कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जातो. तुमच्या दागिन्यासाठी त्याचं आयुष्य कमी व्हायला नको.

हिशेबनीस

एक भर घालतो. दुरुस्तीच्या जुन्या डागाला हॉलमार्क लागत नाही. जून २०२१ पासूनची हॉलमार्कची सक्ती सराफानं विकायच्या दागिन्यांना आहे, तुमच्या घरातल्या डागांना नाही. नवं काही घेणार असाल तर मात्र तीन खुणा पाहा: बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद दिसते. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना एचयूआयडीशिवाय विकताच येत नाही. कुंदन, पोलकी आणि जडावाच्या कामाला यातून सूट आहे, तिथं पावतीवरच सगळं लिहून घ्यायचं.

आणि ज्यांच्या ओळखीत हातकाम करणारे सोनार आहेत त्यांनी त्यांना पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल सांगा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, अठरा व्यवसायांत सोनारही आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज.

त्रिमूर्तीनगरची_तनू

लाख भरलेले मणी नागपूरच्या उन्हाळ्यात टिकतात का? मला बोरमाळ घ्यायची आहे.

कॅडवाला

घरात टिकतात. लाख मऊ व्हायला कपाटातल्यापेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. उन्हात उभ्या गाडीत मात्र पर्स ठेवून जाऊ नका.

सावनेरची_सून

मंडळी, काम झालं! सगळं सांगते.

आधी तपासणी केंद्रात गेलो. मण्याच्या पोटावर ९०.८ आलं, दुसऱ्या मण्यावर ९१.१, आणि सांध्यावर ८३. मी तिथल्या खुर्चीवर दोन मिनिटं नुसती बसून राहिले. आजेसासूबाईंना कुणी फसवलं नव्हतं. सासूबाईंना तिथूनच फोन केला.

मग चितार ओळ चौकाला मेट्रोतून उतरून ओळीत गेलो. माडीवर एक लहानशी खोली, चार पाट, बंगालकडचे कारागीर. वयस्कर कारागिरानं गरसोळी हातात घेतली, भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग हिंदीत म्हणाला, मणी हाताचे आहेत, आता एवढे सारखे कुणी करत नाही. दोन्ही मणी सोडवले, जुनी लाख काढली, आतून साफ केले. चीर झाळली, कानस मारली, नवी लाख तापवून भरली. पंखा बंद होता. लेक त्याच्या बाजूला घाम पुसत तीन तास बसून होती, फोनला हातसुद्धा लावला नाही.

कुड्यांना दोन दिवस लागले. खडापारखी ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. मधला हिरा स्वच्छ होता, खालची पत्री पूर्ण काळी झालेली. मागचं झाकण उघडून सातही घरांतली पत्री बदलली. हलणारा खडा मात्र हिरा नव्हता, झिरकॉन निघाला. सासूबाईंना विचारलं तेव्हा म्हणाल्या, १९७२ च्या दुष्काळात एक खडा काढून विकला होता, लोकांना दिसू नये म्हणून तिथं दुसरा बसवून घेतला. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कारागीर म्हणाला, लहानसा हिरा मिळेल, बसवू का? लेक नको म्हणाली. तो खडा तसाच घट्ट करून घेतला.

पावतीवर लिहून घेतलंय: हिरे तेरा, झिरकॉन एक. वजन आधीचं आणि नंतरचं, दोन्ही. निघताना त्यानं एक कागदाची पुडी दिली. त्यात काढलेली जुनी लाख, काळी पत्री आणि कानशीतून पडलेला सोन्याचा कीस होता, चिमूटभरही नाही. ती पुडी गरसोळीच्या डबीतच ठेवली आहे.